परसातील अपरिचित भाज्या आणि त्यांचे बेणे

भाद्रपद शुद्ध पंचमीस कोकणात घरोघरी ऋषीची भाजी शिजते. त्या दिवशी बैलाच्या श्रमाने पिकविलेले अन्न खावयाचे नाही, असा जुना दंडक आहे. साहजिकच त्या भाजीत जे पडते ते नांगरलेल्या शेतातले नसून कुदळीने खणलेल्या परसातले असते. मोरीच्या पाण्यावर वाढलेले अळू, कुंपणावरचे शिराळे, मांडवावरचे पडवळ, लाल माठ, अंबाडी, काकडी, सुरण, जे जे घरी असेल ते एकाच भांड्यात शिजवावयाचे. धार्मिक अर्थ बाजूला ठेवून केवळ शेतकीच्या दृष्टीने पाहिले, तर ही परसबागेची वार्षिक परीक्षाच होय. ज्या घरच्या भांड्यात अधिक जिन्नस, त्या घरचा परस अधिक जागता.

आता या परीक्षेचे उत्तर बाजारात तयार मिळू लागले आहे. सणाच्या आदल्या दिवशी अलिबागच्या बाजारात ऋषीच्या भाजीचे वाटे मांडलेले असतात. एक वाटा घेतला की काम झाले. ज्या घराला अंगणच उरले नाही, त्या घरच्या बाईने वाटा घेतला तर तिला बोल लावण्याचे कारण नाही. मात्र ज्यांच्या घरामागे चार गुंठे वाडी आहे, विहीर आहे आणि माड-पोफळीची सावली आहे, तीही घरे वाट्यासाठी उभी असलेली मी पाहतो, तेव्हा आपल्या खात्याच्या कामाचा फेरविचार करावा असे मला वाटते. हा लेख त्या विचारातून लिहिला आहे. त्यातील मते माझी आहेत. वाचकांना, विशेषतः गावपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना, ती पटलीच पाहिजेत असे नाही.

हा विचार मला थळ येथे सुचला. अलिबागच्या उत्तरेस असलेले हे गाव पुष्कळांना ठाऊक आहे ते समोरच्या खांदेरी-उंदेरी या जलदुर्गांमुळे, किंवा १९८५ पासून चालू असलेल्या खतांच्या मोठ्या कारखान्यामुळे. परंतु समुद्र आणि रस्ता यांच्या दरम्यान वाड्यांचा जो अरुंद पट्टा आहे, त्यात आत शिरून हिंडणारे थोडेच. जमीन पुळणीची, रेताड. पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि वैशाखात विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागते. अशा जमिनीत भाजीपाला कसला होणार, असे घाटावरून नव्याने आलेल्या अधिकाऱ्यास वाटते. मलाही वाटले होते.

माझ्या पहिल्या पावसाळ्यातील कारभार सांगण्यासारखा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात परसबागेसाठी बियाण्यांची पाकिटे वाटण्याचे काम माझ्याकडे आले. पाकिटात पालक, मेथी, टोमॅटो, गवार आणि वांगी. मी उत्साहाने वाड्यावाड्यांतून हिंडलो, वाफे कसे करावेत हे समजावून सांगितले आणि वहीत घरांची संख्या लिहून घेतली. आषाढ लागला तेव्हा पालक आणि मेथी कुजून गेली होती, टोमॅटोची रोपे मर रोगाने आडवी झाली होती, गवारीने कशीबशी मान धरली होती. एका वाडीत एक वृद्ध आजी मला म्हणाल्या, “साहेब, ही तुमची बी घाटावरची. हिला आमचा पाऊस सोसत नाही. इकडे या, आमचे काय ते पाहा.” आणि त्यांनी मला घरामागे नेले.

तेथे आंब्याच्या बुंध्यापाशी मातीचे पाच-सहा उंचवटे केलेले होते. प्रत्येकातून एकेक वेल निघून बांबूच्या काठीवरून फांदीकडे चढला होता. पानांचा आकार विड्याच्या पानासारखा, खोडावर बारीक काटे. ती कणगर. कुंपणावर चौधारी घेवडा, विहिरीच्या कडेला मायाळू, मोरीपाशी अळू, आणि पलीकडे एका मोडक्या मांडवावर करांद्याचा वेल. पाऊस मुसळधार पडत होता, पण यांपैकी एकाचेही पान सडलेले नव्हते. माझ्या पदवीच्या अभ्यासक्रमात या भाज्यांचा मिळून जो मजकूर होता, तो दोन पानांहून अधिक नसावा. ‘अपरिचित भाजी’ हा शब्द आपण वापरतो तेव्हा ती कोणास अपरिचित आहे, हेही विचारले पाहिजे.

कणगर ही या सर्वांत मला अधिक मोलाची वाटते. ज्येष्ठाच्या शेवटी, पहिल्या सरीनंतर, सुमारे १०० ते १५० ग्रॅम वजनाचा अखंड कंद अडीच फूट अंतरावर केलेल्या उंचवट्यात लावावयाचा. उंचवटा करताना तळाशी पालापाचोळा, शेणखत आणि थळसारख्या गावी सहज मिळणारे मासळीचे खत घालतात. मासळीच्या खताचा वास कुत्र्यांना ओढून आणतो, म्हणून वर काटेरी फांद्या ठेवाव्या लागतात, हे कोणत्याही पत्रकात मी वाचलेले नाही. ते आजींकडून कळले. वेलास आधार दिला आणि दोनदा मातीची भर घातली की पावसाळ्यात दुसरे काम नाही. पाऊस संपल्यावर भांडी घासलेले पाणी पुरते. पौषाच्या सुमारास पाने पिवळी पडून वेल वाळला म्हणजे खणावयाचे. एका वेलाखाली बोटभर ते मुठीएवढ्या कंदांचा घोसच्या घोस निघतो. उकडून साल काढली की आत पांढराशुभ्र, मऊ आणि किंचित गोड गर असतो. उपवासाला तो चालतो, लहान मुलाला आणि दात गेलेल्या म्हाताऱ्यालाही चालतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खारावण्यापूर्वीच पीक घरात आलेले असते. किनाऱ्यावरील गावांच्या दृष्टीने हा गुण कोणत्याही संकरित वाणाच्या उत्पन्नापेक्षा कमी लेखता येणार नाही.

कोनफळ हा तिचाच मोठा भाऊ. याचा कंद मोठा असल्याने पाव किलोचे तुकडे करून, कापलेल्या बाजूस चुलीतली राख लावून, ते लावतात. वेल उंच जातो, म्हणून जिवंत झाडाचा आधार उत्तम. काही जातींचा गर जांभळा असतो. शहरांतील मिठाईच्या दुकानांत हल्ली ‘उबे’ नावाचे जांभळे आइस्क्रीम मोठ्या कौतुकाने विकले जाते. ते फिलिपाइन्सकडील नाव आहे, आणि तो कंद कोनफळाच्याच जातीचा आहे. सातासमुद्रापलीकडील नाव धारण केल्यावाचून आपल्याच परसातील वस्तूला किंमत येऊ नये, याचे मला नेहमी नवल वाटते. वलसाडच्या बाजूला थंडीत मडक्यात जे उबाडियू भाजतात, त्यात हा कंद हटकून असतो. आपल्या पोपटीतही, भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगांबरोबर, बटाट्याच्या जागी कोनफळाचे तुकडे घालून पाहण्यास हरकत नाही. मी घालून पाहिले आहेत. बटाट्याची आठवण झाली नाही.

करांद्याविषयी मात्र सावधगिरीचा इशारा देणे अवश्य आहे. याचे कंद वेलाला पानांच्या बेचक्यात, हवेत लागतात आणि पिकले की आपोआप गळतात. हा प्रकार मुलांना फार आवडतो. परंतु रानातील करांदा कडू आणि विषारी असतो. परसात पिढ्यान्‌पिढ्या लावलेले करांदे सौम्य असले तरी तेही चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी फेकून देऊनच खावेत. कोणी रानातून वेल आणून ‘हा तोच’ असे म्हणाला तर विश्वास ठेवू नये. ज्या घरात तो वेल अनेक वर्षे खाल्ला जात आहे, त्याच घरातून बेणे घ्यावे. अबईच्या शेंगेविषयीही तसेच सांगावे लागते. कोवळी शेंग चिरून केलेली भाजी चांगली होते, पण जून दाणा घातक असतो. आम्ही अधिकारी भाजीचे गुण सांगतो आणि दोष सांगावयाचे विसरतो. मग एखाद्या घरी पोटदुखी झाली की ती भाजी गावातून कायमची हद्दपार होते.

चौधारी घेवड्याची कथा थोडी निराळी आहे. शेंगेला चार धारा असतात म्हणून हे नाव. याची कोवळी शेंग, पान, फूल, दाणा आणि मुळाशी येणारा कंद असे सर्वच भाग खाता येतात. वाळलेल्या दाण्यातील प्रथिने सोयाबीनच्या तोडीची आहेत. १९७५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या एकट्या वेलावर स्वतंत्र अहवाल काढला, आणि उष्ण कटिबंधातील कुपोषणावर हा मोठाच तोडगा ठरेल अशी आशा त्या काळी जगभर व्यक्त झाली. ती आशा फारशी फळाला आली नाही. वेलाला मांडव लागतो, शेंगा एकदम तयार होत नाहीत, यंत्राने कापणी होत नाही. म्हणजे मोठ्या शेतीला तो गैरसोयीचा ठरला. परंतु रोज मूठभर शेंगा देणारा वेल ही शेताची उणीव असली तरी परसाची सोयच आहे. एक गोष्ट लक्षात ठेवावी. दिवस लहान होऊ लागल्यावाचून हा वेल फुलत नाही. मी एकदा हौसेने मार्चमध्ये बी पेरले, भरपूर पाणी घातले आणि सहा महिने केवळ पाने मोजली. पुढे कळले की थळच्या बायका तो मृगात लावतात आणि दसऱ्याच्या पुढे शेंगा काढतात. बी कठीण असते, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून लावावे.

मायाळूविषयी फारसे लिहिण्याची गरज नाही. वीतभर फाटा खोचला की तो लागतो, आणि पालकाची उणीव ऐन पावसाळ्यात भरून काढतो.

येथे कोणी विचारील की, मग ब्रोकोली, लेट्यूस, झुकिनी या नव्या भाज्यांना तुमचा विरोध आहे काय? मुळीच नाही. अलिबाग परिसरात मुंबईकरांनी जी बागायती घरे बांधली आहेत, तेथे थंडीच्या दोन-अडीच महिन्यांत या भाज्या लावल्या जातात आणि त्या बऱ्या येतात. शेतकऱ्याला तेथे गिऱ्हाईक मिळत असेल तर त्याने त्या अवश्य लावाव्यात. परकेपणाचा मुद्दा तर काढूच नये. चौल-रेवदंड्यास १७४० पर्यंत पोर्तुगीज होते, आणि ‘बटाटा’ व ‘कोबी’ हे शब्द आपण त्यांच्याच भाषेतून उचलले. मिरची, टोमॅटो, रताळे ही सर्व अमेरिकेतून आलेली. भाजी कोठून आली हे महत्त्वाचे नाही. तिचे बी वा बेणे पुढील वर्षी घरातच निघते की दुकानातून विकत आणावे लागते, हे महत्त्वाचे आहे. संकरित ब्रोकोलीचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. कणगरीचा एक कंद न खाता बाजूला ठेवला की पुढील वर्षाची तजवीज झाली.

परंतु या सोयीतच धोका आहे, आणि तोच मला प्रामुख्याने मांडावयाचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे जपून जी बँक उभी केली, तिच्याबद्दल त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वाल, घेवडा, भाताचे वाण असे वाळलेले बी राखेत घोळून मडक्यात ठेवता येते. एखादे वर्ष पेरणी चुकली तरी ते टिकते. कंदाचे तसे नाही. कणगर, कोनफळ, करांदा यांचे बेणे वर्षभर ठेवता येत नाही. जून आला की त्याला कोंब फुटतात, मातीत गेले नाही तर ते सुकते. एखाद्या घरी एक पावसाळा लागवड झाली नाही, मग कारण आजारपण असो, बाळंतपण असो, की घराचे बांधकाम, तर त्या घरचा वेल संपला. शेजारी नसेल तर गावचा संपला. या भाज्यांची बँक म्हणजे जमीनच, आणि तिच्यात दरवर्षी ठेव भरावी लागते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाड्यांतील माड आणि पोफळी उन्मळून पडल्या. त्यांच्या नुकसानीचे पंचनामे झाले आणि ते होणे योग्यच होते. नुकतेच लावलेले कंद मातीखाली असल्याने वाऱ्याने त्यांचे काही बिघडले नाही. ते बिघडले पुढे. पडलेली झाडे ओढून काढताना, वाडी साफ करताना आणि नंतर काही ठिकाणी ती विकून टाकताना ते उंचवटे सपाट झाले. पंचनाम्यात माडाला रकाना होता, कणगरीला नव्हता. तिची किंमत कोणी मागितली नाही, कारण ती कोणी मोजलेली नव्हती.

सहकाऱ्यांशी बोलताना जे आक्षेप निघतात, त्यांपैकी काही खरे आहेत. बाजारात या कंदांना मर्यादित गिऱ्हाईक आहे. कोणी अर्धा एकर कणगर लावून लखपती होण्याची स्वप्ने पाहू नयेत, आणि आपणही ती दाखवू नयेत. डोंगराकडील गावांत रानडुकरे एका रात्रीत उंचवटे उकरून टाकतात. तेथे घराच्या भिंतीला लागून, किंवा माती भरलेल्या गोणीत लागवड करावी लागेल, आणि तरीही काही वर्षी डुकरेच जिंकतील. ‘हे गरिबांचे खाणे’ हा आक्षेप मात्र मला मान्य नाही. नीरफणसाचे उदाहरण पाहा. कॅप्टन ब्लाय याने १७९३ मध्ये ताहितीहून त्याची रोपे वेस्ट इंडीजमध्ये नेली, ती मळ्यांवरील गुलामांचे पोट स्वस्तात भरावे म्हणून. त्या लोकांनी आरंभी तो खाण्याचे नाकारले. आज तोच तेथील घरगुती स्वयंपाकाचा मानाचा पदार्थ आहे, आणि आपल्याकडे त्याच्या कापांसाठी पाहुणा जेवण लांबवतो. अन्नाची प्रतिष्ठा ते कोणी, कोणाला आणि कशा रीतीने वाढले यावर ठरते.

मग आपण काय करावे? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे जूनमध्ये पाकिटे वाटण्यापूर्वी पौषात वाड्यांतून हिंडावे. कंद खणण्याचा तोच काळ असतो, आणि कोणाकडे काय आहे ते तेव्हाच दिसते. गावाची एक साधी वही करावी. तीत घराचे नाव, वेलाचे स्थानिक नाव, तो कोणाकडून आला, किती वेल आहेत, आणि खाण्यापूर्वी काय करावे लागते, एवढेच लिहावे. स्थानिक नाव बदलू नये. एकाच कंदाला दोन वाड्यांत दोन नावे असतात, आणि कित्येकदा ते खरोखरच दोन निराळे प्रकार असतात. ही माहिती घरच्या बायकांना असते. पुरुषाला विचारले तर तो ‘असेल काहीतरी मागे’ असे म्हणून नारळाच्या भावावर येतो. म्हणून बचत गटाच्या बैठकीत जाऊन विचारावे, आणि शक्य तर सहकारी भगिनीस बरोबर न्यावे.

दुसरी गोष्ट, एका प्रकाराचे बेणे गावात किमान पाच घरी असावे, असा नेम ठेवावा. एका घरी असलेला वेल म्हणजे काठावर उभा असलेला वेल. देवाणघेवाणीसाठी पैसे लागत नाहीत, समारंभ लागत नाही. खणतीच्या दिवसांत एखाद्या अंगणात टोपल्या घेऊन बसले तरी काम होते. शाळेच्या परसबागेत एक मांडव या वेलांसाठी राखावा. मुलांना करांदा गळताना दाखवावा, आणि तो कच्चा चाखू नये हेही त्याच दिवशी सांगावे.

सुधारित जातींकडे पाठ फिरवावी असे मी म्हणत नाही. दापोलीच्या कृषि विद्यापीठाने ‘कोकण घोरकंद’ दिला आहे. तिरुवनंतपुरम येथे १९६३ पासून कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था काम करीत आहे आणि कोनफळाच्या ‘श्री कीर्ती’, ‘श्री रूपा’ व कणगरीच्या ‘श्री लता’ या तिच्या जाती आहेत. त्या आणून घरच्या वेलाशेजारी लावाव्यात, तुलना करावी. फक्त नवीन आले म्हणून जुने उपटू नये. आमच्या मासिक अहवालात वाटलेल्या पाकिटांचा रकाना आहे, राखलेल्या बेण्याचा नाही. तो यावा अशी सूचना मी लेखी केली आहे. तो येईपर्यंत शेऱ्याच्या जागेत लिहीत जावे. कोणी हरकत घेतलेली मला आठवत नाही.

ज्या आजींनी मला परस दाखविला, त्यांनी त्या पौषात तीन कणगरी फडक्यात बांधून दिल्या आणि “खाऊ नका, लावा” असे बजावले. एक कुजली, दोन उगवल्या. आज माझ्याकडे अकरा कंद आहेत. ते टोपलीत कोरड्या वाळूत, कार्यालयातील टेबलाखाली ठेवलेले आहेत. ज्या सहकाऱ्याला हवे असतील त्याने अक्षय तृतीयेपूर्वी यावे, कारण त्यानंतर कोंब लांबतात आणि प्रवासात मोडतात.